लांबलचक इंग्रजी शब्द मुलांना कसे फोडून शिकवावेत?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळी गावाजवळ राहते. मुलगी सहावीत आहे. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होती. वाचनात कुणाच्या मागे नव्हती. गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळापानांचं छत बांधतो त्याखाली, बसून आजोबांना आरत्यांचं पुस्तक धडाधड वाचून दाखवायची. पाचवीला हायस्कूल लागलं आणि आपल्या गोव्यात सगळ्यांचं होतं तेच झालं. एक सुट्टी संपली आणि गणित, विज्ञान, भूगोल सगळंच इंग्रजीत.

पाचवी निभावली. सहावीत मात्र शब्दच अंगावर यायला लागलेत. काल रात्री तिच्याकडून 'फोटोसिंथेसिस' दहा वेळा लिहून घेतला. पहिल्या ओळीत बरोबर. चौथ्या ओळीत मधला वाय गेला. नवव्या ओळीत 'फोटोसिस' एवढंच उरलं होतं. ती पाठ कशी करते ते बाजूला बसून ऐकलं: पी-एच-ओ-टी, ओ-एस-वाय-एन, टी-एच-ई-एस, आय-एस. श्वास पुरेल तशी चार-चार अक्षरं. मग वही मिटून मला विचारते, "आई, फोटोचा आणि झाडाचा काय संबंध?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः बारावीपर्यंत अशीच घोकंपट्टी करून आले. तिच्या वाट्याला ती यायला नको. शब्द तोडायची काही रीत आहे का? कुणी शिकवलं असेल तर सविस्तर सांगा.

मास्तर_पेडणे

ताई, तुमच्या मुलीने चार-चारचे गट पाडले म्हणजे लांब शब्द तोडायला हवा हे तिला आपसूक कळलंय. कोयता फक्त चुकीच्या पेरावर पडतोय.

बायला सांगा, हनुवटीखाली हाताची पाठ धर आणि शब्द सावकाश म्हण. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकते तितके ठोके. फो, टो, सिन्, थि, सिस. पाच. आता एकेका ठोक्याची अक्षरं लिहायची: पी-एच-ओ, टी-ओ, एस-वाय-एन, टी-एच-ई, एस-आय-एस. चौदा अक्षरांच्या पाच पायऱ्या झाल्या आणि एकाही पायरीत तीनपेक्षा जास्त अक्षरं नाहीत. लिहिताना प्रत्येक ठोका तोंडाने म्हणायचा, मगच पुढे जायचं. मधला वाय जातो तो 'सिन्' म्हटलंच जात नाही म्हणून.

हे झालं ऐकलेल्या शब्दाचं. पुस्तकात नवा शब्द दिसला की काम उलटं असतं, कारण तो अजून तोंडात आलेला नसतो. तिथे आधी स्वर शोधायचे: ए, ई, आय, ओ, यू आणि कधी कधी वाय. शेवटचा मुका ई सोडायचा. दोन स्वर मिळून एकच आवाज देत असतील तर त्यांना एक धरायचं. मग मधली व्यंजनं बघायची. दोन असली तर बहुधा एक इकडे, एक तिकडे: बास्-केट, विन्-डो, मॅग्-नेट. पण एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्यांचा आवाज एकच असतो, त्या फोडायच्या नाहीत. एकच व्यंजन असलं तर आधी ते पुढे ढकलून बघायचं. मागचा स्वर मोकळा राहतो आणि स्वतःचं नाव सांगतो: पे-पर, टाय-गर, म्यू-झिक. तसं म्हणून शब्द ओळखीचा लागला नाही तर व्यंजन मागे ओढायचं, स्वर आखडतो: रिव्ह्-अर, लेम्-अन, कॅब्-इन. शेवटी एल-ई असेल तर आधीचं व्यंजन त्याच्याबरोबर जातं: टे-बल, कॅन्-डल.

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला यातलं बरंच आधीच येत असतं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू का मानतात? 'पुस्तक' म्हणताना स् मागे वळून पुला चिकटतो, पुस्-तक. बास्-केटचंही तेच. मी ३६ वर्षं शिकवलं, आणि ज्याला वृत्तात लघु-गुरू लावता येतं तो इंग्रजी शब्द तोडायला अडलेला मला आठवत नाही.

मडगावची_आई

मास्तरांचं पटलं, पण आम्ही सुरुवातीलाच एका ठिकाणी अडकलो होतो. माझा मुलगा ठोके न मोजता देवनागरी अक्षरं मोजायचा. टेबल म्हणजे टे, ब, ल, तीन! चूक त्याची नाही. आपण 'कमळ' तीन अक्षरांत लिहितो आणि क-मळ असं दोन ठोक्यांत म्हणतो. 'करवत' चार अक्षरी, ठोके दोनच. हा फरक मराठीत कुणी कधी बोलून दाखवलेला नसतो.

म्हणून मी पहिले दोन दिवस इंग्रजी पुस्तक उघडलंच नाही. संध्याकाळी विळीवर बसले की त्याने समोर बसून भाज्यांचे ठोके मोजायचे. अळसांदे: अळ-सां-दे, तीन. नीरफणस: नीर-फ-णस, तीन. कान तयार झाला, मग इंग्रजीला हात घातला.

घुमटवाला

आमच्या वाड्यावरच्या आरतीच्या पथकातली मुलं हेच घुमट या आमच्या मातीच्या वाद्यावर करतात. मोठा शब्द आला की एकेका ठोक्याला एकेक थाप. जोर असलेल्या ठोक्याला थाप मोठी. जर्-मि-ने-शन. एकदा हाताने वाजवला की विसरत नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

कुळागर

एवढे नियम मुलांच्या डोक्यावर लादण्यापेक्षा रोज एक पान मोठ्याने वाचू दे. शब्द आपोआप येतील.

मास्तर_पेडणे

वाचायला हवंच, कुळागर. पण जे मूल लांब शब्द दिसला की त्याच्यावरून उडी मारून पुढे जातं, त्याने शंभर पानं वाचली तरी तो शब्द न वाचलेलाच राहतो. तोडायची रीत त्या उडीच्या जागेसाठी आहे. नियम पाठ करून घ्यायचे नाहीत, दहा-बारा शब्द हातात हात धरून तोडायचे.

शब्दवेल्हाळ

"फोटोचा आणि झाडाचा काय संबंध" हा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटला. ठोक्यांनी स्पेलिंग येईल, शब्द समजेल असं नाही. त्यासाठी दुसरी फोड लागते, अर्थाची.

फोटो म्हणजे ग्रीकमधला प्रकाश. आपण ज्याला फोटो म्हणतो तो मुळात फोटोग्राफ, प्रकाशाने रेखलेलं चित्र. पुढचं गळून गेलं. सिन् म्हणजे एकत्र आणि थेसिस म्हणजे ठेवणं, मांडणं. प्रकाशाने एकत्र जुळवून आणणं. आता आपला शब्द बघा: प्रकाश-सं-श्लेषण. सं म्हणजे एकत्र, श्लेष म्हणजे जोड. दोन्ही शब्द तुकड्याला तुकडा लावून उभे राहतात. मुलीला हे एका पानावर समोरासमोर लिहून दाखवा.

असे कितीतरी आहेत. जिओ-मेट्री म्हणजे भू-मिती. ट्राय म्हणजे त्रि, गॉन म्हणजे कोन. ट्रिगोनोमेट्री म्हणजे त्रि-कोण-मिती. थर्मो-मीटर, ताप-मापक. मायक्रो-स्कोप, सूक्ष्म-दर्शक. इव्हॅपोरेशनच्या पोटात व्हेपर आहे, म्हणजे वाफ, आणि बाष्पीभवनात बाष्प. कंडेन्सेशनच्या पोटात डेन्स आहे, म्हणजे दाट, आणि घनीभवनात घन. ॲम्फिबियन: ॲम्फि म्हणजे दोन्हीकडे, बायोस म्हणजे जीवन, आपला उभयचर. आणि लहान मुलांना सगळ्यात आवडतो तो हिप्पोपोटॅमस. हिप्पोस घोडा, पोटॅमोस नदी. म्हणजे पाणघोडाच की!

उपसर्गांचं एक आवर्जून सांगतो, कारण इथे मराठी शिकलेलं मूल पुढे असतं. 'इन' हा नकार: इन-करेक्ट. पण पॉसिबलच्या आधी तो इम होतो, लीगलच्या आधी इल, रेग्युलरच्या आधी इर. मुलांना हे चार निरनिराळे उपसर्ग म्हणून शिकवतात. ते चार नाहीत, एकच आहे. पुढच्या व्यंजनाने त्याला आपल्या रूपात ओढलंय. आपण याला संधी म्हणतो. उत् अधिक लेख उल्लेख, उत् अधिक नती उन्नती, सत् अधिक जन सज्जन. म्हणूनच इललीगलमध्ये एल दोन: एक उपसर्गाचा, एक शब्दाचा. इररेग्युलरमध्ये आर दोन, इममॅच्युअरमध्ये एम दोन. व्याकरणाच्या तासाला संधी सोडवलेल्या मुलीला हे एकदा सांगितलं की पुरे.

अंत्रुज_महाल

राग मानू नका ताई, पण पहिलीपासूनच इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर ही वेळ आली असती का? पाचवीत अशी धडपडलेली मुलं मी घरात बघितली आहेत.

वाळवंटीकाठ

राग नाही. धडपड होते हे खरंच आहे आणि त्याचा त्रास मलाही झाला. पण वर शब्दवेल्हाळ यांनी जे समोरासमोर मांडलं, त्यातली मराठीची बाजू तिच्याकडे आहे म्हणूनच ते मांडता आलं. 'प्रकाशसंश्लेषण' तिला एका वाक्यात कळला. शेजारची इंग्रजी माध्यमातली मुलगीसुद्धा तो शब्द घोकतच होती. परवा दोघींना एकत्र बसवून सांगितलं. माध्यमाचा वाद गोव्यात १९९० च्या आधीपासून चाललाय, तो या धाग्यावर नको. आधी ही मुलं उभी राहू देत.

आता एक नवी अडचण. गणितात क्वाड्रिलॅटरल आलाय आणि ही तो 'काड्रिलॅटरल' वाचते. क्यू-यूचा 'क' कुठून आला कळत नाही.

मडगावची_आई

ताई, साखळीच्या बसची पाटी बघा! रोमनमध्ये साखळी लिहिताना मध्ये क्यू-यू-ई आहे. केपें गावाच्या नावाची सुरुवातही क्यू-यू-ई ने. दोन्ही पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं. त्या भाषेत ई किंवा आयच्या आधी क्यू-यू म्हणजे साधारण नुसता क. शेवटचा एमसुद्धा आपण म्हणत नाही, तो पोर्तुगीजातला नाकातला स्वर. तुमची मुलगी रोज ज्या बसमध्ये चढते तिच्यावर क्यूचा 'क' वाचतेय. तिला सांगा, पाट्यांवर पोर्तुगीज क्यू, पुस्तकात इंग्रजी क्यू: क्वीन, क्विक, क्वॉड्-रि-लॅ-ट-रल. क्वॉड्रि म्हणजे चार, लॅटस म्हणजे बाजू. चतुर्भुज.

बंदरावरचा

अर्थाची फोड मलाही आवडते, पण जपून. पोर्ट म्हणजे वाहून नेणं हे कळल्यावर आमच्या घरी इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल सगळे एका दोरीत ओवले गेले. पाठोपाठ मुलाने मुरगाव पोर्टही त्यातच घातला. तो पोर्ट निराळा. लॅटिनमध्ये पोर्तारे म्हणजे वाहणे आणि पोर्तुस म्हणजे बंदर. शब्द नात्यातले आहेत, तरी एक नाहीत. तसंच अंकलमध्ये नकाराचा अन् नाही, रेडीमध्ये 'पुन्हा'चा री नाही आणि कार्पेटमध्ये ना कार आहे ना पेट. तुकडा काढल्यावर उरलेला भाग काही बोलतोय का ते बघायचं. नसेल बोलत तर तुकडा चुकला.

हेलिकॉप्टरचं तर नवलच. आपण सगळे हेलि आणि कॉप्टर असे तोडतो. मुळात तो हेलिको आणि प्टर आहे: हेलिक्स म्हणजे मळसूत्री वळण, प्टेरॉन म्हणजे पंख. ठोके मात्र हे-लि-कॉप्-टर. म्हणजे ठोक्याची फट आणि अर्थाची फट एकाच जागी पडते असं नाही.

जुळारी

बंदरावरच्यांनी शेवटी लिहिलं त्यावरच माझी उमेदवारीची वर्षं गेली. पणजीत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचो, हाताने. ओळ भरली आणि शब्द मावला नाही तर तो कुठे तोडायचा, हा प्रश्न दिवसाला पन्नास वेळा यायचा. मराठीत फार अडत नसे. इंग्रजीत घाम फुटायचा.

आमचे फोरमन म्हणायचे, भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात बसला, तेव्हा इथे तरी ओळ वाकडी तुटता कामा नये. आणि एकदा तुटली ती माझ्याच हातून. एका देवस्थानच्या स्मरणिकेत इंग्रजी लेख होता, त्यात 'लेजंड्स' हा शब्द आला. ओळीच्या शेवटी मी एल-ई-जी ठेवून रेघ दिली आणि उरलेला खाली घेतला. वाचणारा वरच्या ओळीत 'लेग' वाचतो आणि खालच्या ओळीत 'एंड्स'. प्रूफ कुणाच्या नजरेतून सुटलं आणि तसंच छापलं गेलं. त्या स्मरणिकेची एक प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा कळलं की एकच स्पेलिंग दोन जागी तुटू शकतं. 'रेकॉर्ड' नाम असेल तर आर-ई-सी नंतर, क्रियापद असेल तर आर-ई नंतर. प्रेझेंटचंही तसंच. आणि विलायती रीत वेगळी, अमेरिकन वेगळी. विलायती छापखान्यांची जुनी चाल शब्दाच्या घडणीकडे बघून तोडायची, म्हणून 'नॉलेज' नो या मूळ शब्दानंतर तुटायचा. अमेरिकेत उच्चाराकडे बघतात, तिथे एल वरच्या ओळीत राहतो. म्हणून कोशात शब्दामध्ये ठिपके दिसले तर ते उच्चाराचे ठोके असतीलच असं धरू नका. पुष्कळदा ते आमच्यासारख्यांसाठी, ओळ कुठे तोडावी हे सांगायला दिलेले असतात.

पुढे संगणकावर बसलो तेव्हा हेच काम यंत्र कसं करतं याचं कुतूहल लागलं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डला १९८३ साली प्रबंध लिहिला. त्यांनी कोशातून अक्षरांच्या ४४४७ आकृती काढल्या, कुठे तोडावं आणि कुठे तोडू नये हे सांगणाऱ्या. त्यांतून तोडायच्या सुमारे ८९ टक्के जागा सापडतात. उरलेल्या जागी यंत्र गप्प राहतं, चुकीचं तोडण्यापेक्षा न तोडलेलं बरं म्हणून. हे वाचलं तेव्हा मला माझा 'लेग' आठवला.

वाळवंटीकाठ

जुळारीकाका, हे तिला वाचून दाखवलं. 'नो' आणि 'नॉलेज' एकाच घरातले हे तिला ठाऊकच नव्हतं.

आठवडा झाला. फोटोसिंथेसिस आता न बघता बरोबर लिहिते. पण इलेक्ट्रिसिटी लिहिताना सीच्या जागी एस घालते. म्हणते, "मी ठोके मोजले, सि ऐकू आलं, म्हणून एस लिहिला." बरोबरच आहे तिचं. मी काय सांगू?

मास्तर_पेडणे

तिथे ठोक्याने थांबायचं आणि अर्थाच्या तुकड्याला विचारायचं. इलेक्ट्रिक तिला येतो, शेवटी सी. त्याला आय-टी-वाय जोडला की इलेक्ट्रिसिटी, आय-ए-एन जोडला की इलेक्ट्रिशियन. तोच सी एकदा क होतो, एकदा स, एकदा श. आवाज तीन, घर एक. इंग्रजी स्पेलिंग आवाजाशी पुष्कळदा बेइमान वाटतं, पण घराण्याशी इमान राखतं. 'साइन'मधला जी मुका का? सिग्नेचरमध्ये आणि सिग्नलमध्ये तो बोलतो म्हणून. 'मसल'मधला सी मस्क्युलरमध्ये बोलतो.

घुमटवाल्यांनी जोराची थाप सांगितली तीही इथे कामाला येते. टी-आय-ओ-एन, आय-सी, आय-टी-वाय हे शेवट आले की जोर सहसा त्यांच्या लगेच आधीच्या ठोक्यावर जातो. फो-ट-ग्राफमध्ये जोर 'फो'वर, पण फो-ट-ग्रॅ-फिकमध्ये 'ग्रॅ'वर. इ-लेक्-ट्रिकमध्ये 'लेक्'वर, पण इ-लेक्-ट्रि-सि-टीमध्ये 'ट्रि'वर. जोर सरकला की बिनजोराचा स्वर पुसट होतो आणि कोणता स्वर लिहायचा ते ऐकू येत नाही. फोटोग्राफमधला दुसरा ओ असाच पुसट. मग ज्या भावंडात तो ठणठणीत ऐकू येतो त्याला विचारायचं: फ-टॉ-ग्र-फी. सापडला ओ.

घुमटवाला

मास्तर, हे उद्या पोरांना वाजवायला देतो.

वाळवंटीकाठ

काल जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरामागे न्हाणीची भिंत उठतेय, चिऱ्यांची. मुलगी पायरीवर वही घेऊन बसली होती. यादीत परपेंडिक्युलर. हनुवटीला हात लावून म्हणत होती: पर्-पेन्-डि-क्यु-लर, पाच. स्पेलिंग दोनदा लिहिलं, बरोबर आलं. मग तुकडे शोधायला लागली. पेंड कुठे ऐकलाय? माझ्या गळ्यातल्या साखळीचं पेंडंट. शाळेतलं पेंड्युलम. "दोन्ही लोंबतात ना? पेंड म्हणजे लोंबणं असणार." मी कोश काढला. खरंच, लॅटिनमध्ये पेंदेरे म्हणजे लोंबणं. पेंड्युलमला आपण लंबक म्हणतो आणि परपेंडिक्युलरला लंब. लंब् हा संस्कृत धातूही लोंबण्याचाच.

तेवढ्यात गवंड्याने भिंतीला ओळंबा सोडला. ती दोरीच्या टोकाचा लोखंडी लोळा थांबेपर्यंत बघत राहिली आणि मला म्हणाली, "आई, हाच परपेंडिक्युलर." मी पुन्हा कोशात बघितलं. लॅटिनमध्ये परपेंदिक्युलुम म्हणजे ओळंबाच. गवंडीमामांना सांगितलं तर त्यांनी ओळंबा तिच्या हातात दिला आणि पुढचे दोन थर तिच्याकडून तपासून घेतले.

देव बरें करूं तुम्हा सगळ्यांना. आज यादीत आयसोसिलीझ आहे. तो कुठून तोडायचा?

शब्दवेल्हाळ

वाह! ओळंब्याचं मलाही नवीन.

आयसोसिलीझ ठोक्यांनी आय-सॉ-स-लीझ, चार. अर्थाने मात्र आयसो म्हणजे समान आणि स्केलॉस म्हणजे पाय, दोन समान पायांचा, आपला समद्विभुज. बंदरावरचे म्हणाले तसं इथेही दोन्ही फटी जुळत नाहीत. ठोक्याने तोडलं तर एस एका बाजूला जातो आणि सी दुसऱ्या. म्हणूनच मुलं तो सी विसरतात. आयसोनंतर रेघ मारा, पुढे स्केलॉसचे एस आणि सी एकत्र दिसतील. आणि त्रिकोण दोन पायांवर उभा काढून दाखवा.